आईला ‘पुरुषांवर चालणारं’ औषध द्यायचं का?

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. हॉस्पिटलमध्ये पोचायला उशीर झाल्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नाही. आता ती धरून चालते. उजव्या हाताची बोटं थोडी हलतात, पण हात कामाचा नाही. बोललेलं तिला कळतं, उत्तर द्यायला मात्र शब्द सापडत नाहीत. डॉक्टरांनी एका औषध-चाचणीबद्दल विचारलंय. व्यायामाच्या जोडीला रोज एक गोळी. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. माझ्या भावाने एका लेखात वाचलं की पक्षाघातावरची प्रायोगिक औषधं नर उंदरांवर चालतात, माद्यांवर चालत नाहीत. त्यामुळे तो म्हणतो, आईला प्रयोगातला उंदीर होऊ द्यायचं नाही. मावशी म्हणते, बायकांच्या हार्मोनमुळे मेंदू वाचतो, तर त्याच गोळ्या द्या. मामांना आठ वर्षांपूर्वी असाच झटका आला होता, तेव्हा त्यांना फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दिली होती आणि त्यांचा हात छान सुधारला. ती गोळी आईला सुरू करावी का? आम्ही दोघं भावंडं रोज यावरून भांडतो. डॉक्टरांना आठवड्याभरात उत्तर द्यायचं आहे. — एक मुलगी

उत्तर : तुमच्या भावाने वाचलं ते खोटं नाही. त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढला तो मात्र तुमच्या आईला लागू पडत नाही. ही गाठ सुटली तर तुमचं निम्मं भांडण मिटेल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. या पेशी सगळ्या एकाच पद्धतीने मरत नाहीत. पेशीतल्या डीएनएची मोडतोड झाली की पार्प-१ नावाचं एन्झाइम दुरुस्तीला लागतं, आणि मोडतोड फार असेल तर त्या खटाटोपात पेशीची सगळी ऊर्जा संपवून टाकतं. ही एक वाट. दुसऱ्या वाटेवर कॅस्पेज नावाची प्रथिनं पेशीला आतून पद्धतशीर मोडीत काढतात. या शतकाच्या पहिल्या दशकात प्रयोगशाळांमध्ये असं दिसू लागलं की नरांच्या पेशींचा कल पहिल्या वाटेकडे असतो आणि माद्यांच्या पेशींचा दुसऱ्या. उंदरांमध्ये पार्प-१ बंद केलं की नरांच्या मेंदूचं नुकसान कमी व्हायचं. माद्यांचं कमी होणं दूरच, उलट वाढायचं. मिनोसायक्लिन हे मुरुमांसाठी वर्षानुवर्षं वापरलं जाणारं अँटिबायोटिक. तेही याच पहिल्या वाटेवर अडसर घालतं. २००९ च्या एका प्रयोगात त्याने नर उंदरांचा मेंदू वाचवला, माद्यांचा नाही. कॅस्पेज रोखणाऱ्या औषधाचं चित्र याच्या नेमकं उलट निघालं. तुमच्या भावाच्या वाचनात बहुधा यातलंच काहीतरी आलं असावं.

त्यामागे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल भावाला वाटणारी चीड रास्त आहे. प्राण्यांवरचे असे प्रयोग अनेक वर्षं मुख्यतः नरांवरच होत आले. चेताविज्ञानातल्या संशोधनाचा आढावा २०११ मध्ये घेतला गेला, तेव्हा फक्त माद्यांवर केलेल्या दर एका अभ्यासामागे फक्त नरांवर केलेले साडेपाच अभ्यास निघाले. माद्यांच्या हार्मोनमधल्या चढउतारांमुळे निष्कर्ष विस्कळीत येतात, हे त्याचं ठरलेलं कारण. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध तपासून कोणीतरी हे कारणच पडताळून पाहिलं. माद्यांची मोजमापं नरांपेक्षा जास्त विस्कळीत नसतात, असं त्यात आढळलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून आपल्या अनुदानावरच्या प्रयोगांमध्ये नर-मादी हा घटक विचारात घेणं बंधनकारक केलं. म्हणजे हा बदल अगदी अलीकडचा आहे.

आता तुमच्या आईकडे येऊ. वर सांगितलेली सगळी औषधं पहिल्या काही तासांत मरणाऱ्या पेशी वाचवण्यासाठी होती. तुमच्या आईच्या झटक्याला पाच आठवडे झाले. ज्या पेशी जायच्या होत्या त्या गेल्या. तिला सुचवलेलं औषध वेगळ्या कामाचं आहे: उरलेल्या मेंदूने नवी जोडणी करावी, व्यायामातून मिळणारं शिक्षण त्याने जास्त पकडावं, हा त्याचा हेतू. पेशी कोणत्या वाटेने मरतात यातला नर-मादी फरक या दुसऱ्या कामाला आपोआप लागू होत नाही. फरक इथेही असू शकेल. पण तो आहे की नाही, हे दुसऱ्या टप्प्यावरच्या, दुसऱ्या औषधाच्या उंदरांना विचारून कळणार नाही.

शिवाय त्या प्रयोगांतल्या माद्या कोण होत्या तेही बघा. बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात ऐन तारुण्यातल्या. प्रजननाचं चक्र चालू असलेल्या मादीच्या मेंदूला इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं संरक्षण असतं; बीजांडकोश काढले की ते संरक्षण जातं. २०१२ मध्ये एका सूक्ष्म-आरएनएला (पेशीत प्रथिनं बनणं आवरणाऱ्या इवल्याशा रेणूला) रोखणारा उपाय उंदरांवर तपासला गेला, तेव्हा बीजांडकोश शाबूत असलेल्या माद्यांना फायदा झाला, नरांना झाला नाही आणि बीजांडकोश काढलेल्या माद्यांनाही झाला नाही. वयस्कर उंदरांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात तर हार्मोन कोणतेही असोत, दोन एक्स गुणसूत्रं असलेल्यांचं नुकसान जास्त झालं. म्हणजे ‘मादी’ हा एकच गट नाही. तिचं वय, तिची रजोनिवृत्ती, तिची गुणसूत्रं, हे सगळं वेगवेगळं बोलतं. तुमची आई ६३ वर्षांची आहे. ‘माद्यांवर चालत नाही’ या वाक्यातली मादी ती नव्हे.

मावशींच्या सल्ल्याचं उत्तर इथेच देऊन टाकते, कारण तो धोक्याचा आहे. हार्मोनच्या गोळ्या देऊ नका. तरुण माद्यांना इस्ट्रोजेन मानवतं, हे पाहून अनेक शास्त्रज्ञांना मावशींसारखंच वाटलं होतं. मग पक्षाघात किंवा त्याची पूर्वसूचना देणारा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या ६६४ स्त्रियांवर चाचणी झाली. २००१ मध्ये तिचा निकाल आला: दुसरा झटका टळण्यात काहीच फायदा नाही, आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये जास्त. पुढच्याच वर्षी निरोगी स्त्रियांवरची एक खूप मोठी अमेरिकन चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांमध्ये ज्या त्रासांचं प्रमाण वाढलं त्यात पक्षाघातही होता. २०१० मध्ये मादी उंदरांवर दिसलं की तरुणपणी मेंदू वाचवणारं हेच इस्ट्रोजेन प्रजननाचं वय उलटल्यावर दिलं तर इजा वाढवतं. आई झटक्याआधी रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी अशा गोळ्या घेत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आता भावाला सांगण्यासारखी एक खरी घडलेली गोष्ट. मला तिचा अजूनही त्रास होतो. १९७८ मध्ये कॅनडातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. असा पूर्वसूचनेचा झटका येऊन गेलेल्या ५८५ रुग्णांवर ॲस्पिरिन तपासून पाहिलं होतं. पुरुषांमध्ये झटका किंवा मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं, स्त्रियांमध्ये काहीच फरक दिसला नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने या कारणासाठी ॲस्पिरिनला मंजुरी दिली, ती फक्त पुरुषांसाठी. पुढे आणखी चाचण्या झाल्या, हजारो रुग्णांचे आकडे एकत्र केले गेले, आणि कळलं की स्त्रियांनाही फायदा होतो. त्या पहिल्या चाचणीत स्त्रिया इतक्या थोड्या होत्या आणि त्यांच्यात झटके इतके कमी झाले होते की फायदा असूनही दिसला नसता. अधिकृत माहितीपत्रकात स्त्रियांचा समावेश व्हायला १९९८ साल उजाडलं. एवढी वर्षं अतिशय साधं, स्वस्त, दुसरा झटका टाळणारं औषध किती स्त्रियांना ‘तुमच्यावर चालत नाही’ म्हणून मिळालं नसेल, याचा विचार करा. तुमचा भाऊ आईचं रक्षणच करू पाहतोय, यात मला शंका नाही. त्या काळच्या डॉक्टरांनाही तेच वाटत होतं.

एका मोठ्या चाचणीचे बारीक बारीक गट पाडत गेलं की कुठल्या तरी गटात काहीतरी विचित्र दिसतंच. हृदयविकाराच्या १७ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या १९८८ च्या एका नामांकित चाचणीत ॲस्पिरिनने जीव वाचवले. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या जन्मराशींनुसारही आकडे लावून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, असं निघालं! गट पाडण्यातला धोका वाचणाऱ्याच्या लक्षात यावा, म्हणून त्यांनी ते छापलं होतं. स्त्री-पुरुष हा फरक राशीसारखा पोकळ नाही, त्यामागे शरीरशास्त्र आहे. म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण एका चाचणीच्या एका तुकड्यावरून तो मानताही येत नाही. तो आधीपासून शोधायचा ठरवला होता का, दुसऱ्या चाचणीत पुन्हा दिसला का, हे बघावं लागतं.

माणसांमध्ये असे संकेत मिळालेत, आणि गंमत म्हणजे त्यातले दोन ठळक संकेत स्त्रियांच्या बाजूचे आहेत. स्पेनमधल्या एका चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसोबत ४११ रुग्णांपैकी काहींना १,००० मिलिग्रॅम युरिक ॲसिड शिरेतून दिलं गेलं. आपल्याला ते सांध्यांचा शत्रू म्हणून माहीत असतं, पण रक्तात ते ताकदीचं अँटिऑक्सिडंट म्हणूनही काम करतं. २०१४ मध्ये निकाल आला: उत्तम सुधारणा ३९ टक्के विरुद्ध ३३ टक्के. हा फरक ठामपणे मानण्याइतका नव्हता. नंतर स्त्रिया वेगळ्या करून पाहिल्या, तर त्यांच्यात ४२ विरुद्ध २९. पुरुषांमध्ये फरक नाही. स्त्रियांच्या रक्तात युरिक ॲसिड मुळात कमी असतं, त्यामुळे वरून दिलेल्याचा उपयोग त्यांना जास्त झाला असावा, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. दुसरी चाचणी चीनची, २०२१ ची. एडाराव्होन आणि डेक्सबोर्निऑल ही औषधांची जोडी झटक्यानंतर ४८ तासांच्या आत १,१६५ रुग्णांवर नुसत्या एडाराव्होनशी ताडून पाहिली. ९० दिवसांनी चांगल्या अवस्थेत ६७ टक्के, दुसऱ्या गटात ५९. गट आधीच ठरवून पाडले होते, आणि फायदा मुख्यतः स्त्रियांमध्ये दिसला.

म्हणजे ‘पक्षाघाताची औषधं पुरुषांवरच चालतात’ हे विधान माणसांच्या आकड्यांवर टिकत नाही. ‘स्त्रियांवर जास्त चालतात’ हेही अजून सिद्ध झालेलं नाही. युरिक ॲसिडची परीक्षा पुढे अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून घेतली. तिथे सहा उपाय तपासले, त्यासाठी नर आणि माद्या, तरुण आणि म्हातारे, लठ्ठ आणि रक्तदाब असलेले उंदीर मुद्दाम निवडले. शेवटपर्यंत टिकलं ते एकटं युरिक ॲसिड. अशी चोख तयारी आधीच्या औषधांच्या वाट्याला क्वचितच आली होती. २००६ च्या एका मोजणीनुसार तोवर पक्षाघातासाठी १,०२६ उपाय प्रयोगात तपासले गेले होते, आणि त्यातून दवाखान्यात रुजलं ते जवळपास गुठळी विरघळवणारं औषधच. मात्र हे सगळं पहिल्या तासांतलं, हॉस्पिटलमधलं आहे. घरी युरिक ॲसिड वाढवायच्या फंदात पडू नका. सांधे सुजतील, मूतखडे होतील, हाताला काही मिळणार नाही.

मामांच्या गोळीबद्दल. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिनने हातापायांची ताकद जास्त परतली, असं दिसलं होतं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी डॉक्टर ही गोळी देऊ लागले, मामांनाही तशीच मिळाली असेल. मग तीन मोठ्या चाचण्या झाल्या: ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्ण, स्वीडनमध्ये १,५००, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व व्हिएतनाममध्ये मिळून १,२८०. २०१८ ते २०२० या काळात त्यांचे निकाल आले. रोजच्या जगण्यातल्या क्षमतेत काही फरक नाही. नैराश्य थोडं कमी, पण हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त; ब्रिटनमध्ये ते जवळपास दुप्पट, दीड टक्क्यावरून तीन टक्क्यांच्या घरात. ६३ वर्षांची, रजोनिवृत्तीने हाडं आधीच विरळ होत गेलेली, एका बाजूने कमजोर, धरून चालणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिच्यासाठी हाड मोडणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया. मामांच्या हाडांना जो धोका होता त्यापेक्षा तुमच्या आईच्या हाडांना तो जास्त असण्याचीच शक्यता आहे. आणि मामांचा हात गोळीनेच सुधारला, हे सांगता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून बरंच सावरतो. गोळी त्याच दिवसांत चालू असते, मग श्रेय तिला जातं.

एक अपवाद. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य गाठतं, आणि बोलता न येणाऱ्या माणसाचं नैराश्य घरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. आई रडते का, जेवण टाळते का, व्यायामाला नको म्हणते का, रात्री जागी असते का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा. नैराश्य असेल तर त्यावर उपचार झालेच पाहिजेत. त्यासाठी फ्लुऑक्सेटिन किंवा त्याच्यासारखं दुसरं औषध द्यायचं का, हा वेगळा निर्णय आहे आणि तो डॉक्टर हाडं, रक्तातलं सोडियम आणि रक्त पातळ करणारी औषधं बघून घेतील. हात सुधारावा म्हणून ती गोळी नको.

आता चाचणी. तुमच्या भावाला वाटतं की आई त्यात गेली तर तिचा वापर होईल. मला उलटी काळजी आहे. १९९० पासूनच्या तीस वर्षांतल्या पक्षाघाताच्या २८१ चाचण्या, त्यात पाच लाखांहून जास्त माणसं, आणि त्यात स्त्रिया ३७.४ टक्के. प्रत्यक्षात आयुष्यभरात पक्षाघात होण्याचा धोका दोघांनाही जवळपास सारखाच असतो, साधारण चारांत एक. स्त्रियांना तो सरासरीने उशिरा वयात येतो, बहुतेकदा जास्त तीव्र असतो, आणि नंतरचं परावलंबित्वही त्यांच्यात जास्त दिसतं. ज्यांना औषधाची जास्त गरज आहे त्याच चाचणीत कमी. मग डोस ठरतो तो पुरुषांच्या शरीरावर. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचंच बघा. स्त्रियांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त प्रमाणात उरते, गाडी चालवताना धोका होतो, म्हणून एफडीएने स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. कधी? २०१३ मध्ये. गोळी बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

म्हणून ‘औषध पुरुषांवर चालतं, आईला नको’ यापेक्षा ‘या चाचणीने आईसारख्या स्त्रियांचा विचार केलाय का’ हा प्रश्न घेऊन तुम्ही दोघं एकत्र डॉक्टरांकडे जा. विचारायला संकोचू नका, चांगल्या संशोधकाला असे प्रश्न आवडतात. आधीच्या टप्प्यात हे औषध किती स्त्रियांना दिलं गेलंय आणि त्यात साठीपुढच्या किती, हे विचारा. औषधाचा आणि बिनऔषधाचा गट पाडताना दोन्हीकडे स्त्रिया सारख्या याव्यात अशी तजवीज आहे का? डोस सगळ्यांना एकच आहे की वजन आणि किडनीचं काम बघून कमी-जास्त होतो? आई लहान चणीची असेल तर याला फार महत्त्व आहे. पडणं, चक्कर, हाड मोडणं यांची नोंद ठेवतात का, आणि झोक जाणं हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे का? रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्याचं जमतं का? निकाल स्त्री-पुरुष वेगळे करून छापणार आहेत का? आणि इजा झाली तर उपचार कोण करणार, हे संमतीपत्रात कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. दोन-तीन प्रश्नांची उत्तरं ‘बघू’, ‘काही होत नाही’ अशी आली तर मी स्वतः नाही म्हणेन. नीट, कागद दाखवून उत्तरं मिळाली तर मला यात सहभागी होण्यात काही गैर दिसत नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. हालचाल सुधारण्यासाठी याआधी तपासलेल्या औषधांचा अनुभव उत्साहाचा नाही. लेव्होडोपाने २००१ मध्ये ५३ रुग्णांच्या छोट्या चाचणीत आशा दाखवली होती. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९३ रुग्णांच्या चाचणीत ती फोल ठरली. आईला बिनऔषधाची गोळी मिळण्याची शक्यता निम्मी आहे, आणि खरी मिळाली तरी फायदा होईलच असं नाही. चाचणीतून तिला नक्की मिळू शकेल ते म्हणजे देखरेखीखालचा नियमित व्यायाम आणि वारंवार तपासणी. तो व्यायाम दोन्ही गटांना सारखाच मिळणार आहे ना, हेही विचारून घ्या.

चाचणी असो वा नसो, हाताचा व्यायाम थांबता कामा नये. बोटं थोडी हलतात असं तुम्ही लिहिलंय, ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. चांगल्या हातावर मोजा चढवून कमजोर हाताला कामाला लावायची एक पद्धत आहे. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी, ती तपासली गेली आणि फायदा वर्षभर टिकला. तिच्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यावी लागतात. आईला ती कधी सुरू करता येईल, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. आपल्या मनाने हात बांधून ठेवू नका. वाचेसाठी स्पीच थेरपी सुरू नसेल तर ती याच आठवड्यात सुरू करा. आणि रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकू देऊ नका, दुसरा झटका या सगळ्यावर पाणी फिरवू शकतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भावाचं मत त्यात आहे, मावशींचं आहे, मामांचा अनुभव आहे, तुमचा गोंधळ आहे. आईला काय वाटतं ते कुठेच नाही. तिला शब्द सापडत नाहीत, पण बोललेलं कळतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग निर्णय तिचा आहे. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा तिचा हवा; ती समजून घेऊ शकत असेल तर तुमच्या दोघांपैकी कुणालाही तिच्या वतीने हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार नाही.

शब्द हरवलेल्या माणसाला विचारायची रीत असते. सकाळी, ती ताजी असताना, टीव्ही बंद करून समोर बसा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, लहान वाक्यात. कागदावर गोळी, व्यायाम करणारा हात, हॉस्पिटल अशी चित्रं काढा. हो-नाहीसाठी मान, अंगठा किंवा दोन चिठ्ठ्या चालतील. मग तोच प्रश्न उलटा करून विचारा: ‘घ्यायची आहे का’ याला हो आलं, तर थोड्या वेळाने ‘नको आहे का’. उत्तरं जुळली तर तिला कळलंय. नाही जुळली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्पीच थेरपिस्टला या बोलण्याला बसवता आलं तर फारच चांगलं. बिनऔषधाची गोळी मिळू शकते आणि कधीही बाहेर पडता येतं, या दोन गोष्टी तिला नक्की पोचल्या पाहिजेत. भावालाही शेजारी बसू द्या, त्याने फक्त ऐकायचं. आठवडा कमी पडला तर डॉक्टरांकडे आणखी चार दिवस मागा. रुग्णाला समजावून सांगायला वेळ हवाय, या कारणावर कुठल्याही चाचणीने आडकाठी आणू नये. नाव नोंदवायची मुदत नेमकी कधी संपते, तेवढं मात्र आधीच विचारून ठेवा.

ती नको म्हणाली तर तिचे बाकीचे उपचार जसेच्या तसे चालू राहिले पाहिजेत, हा नियम आहे आणि तो तुम्ही डॉक्टरांकडून तोंडी वदवून घ्या. ती हो म्हणाली, तर तिच्या रोजच्या गोळ्यांची पूर्ण यादी, झटक्याआधी घेतलेल्यांसकट, पहिल्याच भेटीत सोबत न्या. तिने काय ठरवलं ते मला जरूर कळवा.